एका टेबलाशी बसायला कुणी शिकवायचं?



अमेरिकेत राहणाऱ्या आपल्यापैकी ज्यांच्या घरात विशेष गरजा असलेलं मूल आहे, त्यांना 'आयईपी मीटिंग' म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. शाळेतल्या एका खोलीत सहा-सात मोठी माणसं जमतात. मुलाचे आईवडील, नेहमीच्या वर्गाचे शिक्षक, विशेष शिक्षिका, शाळा-जिल्ह्याचा एक प्रतिनिधी, चाचण्यांचे निष्कर्ष उलगडून सांगू शकणारं कुणीतरी (बहुधा शाळेचे मानसशास्त्रज्ञ), आणि गरजेप्रमाणे स्पीच थेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, फिजिकल थेरपिस्ट, नर्स. शक्य असेल तिथे ते मूलसुद्धा. या सगळ्यांनी मिळून त्या मुलाच्या पुढच्या वर्षभराच्या शिक्षणाचा आराखडा ठरवायचा असतो. हाच तो आयईपी. २०२२-२३ या शालेय वर्षात या देशात ३ ते २१ वयोगटातल्या सुमारे ७५ लाख मुलांना या कायद्याखाली विशेष शिक्षण मिळत होतं. म्हणजे सरकारी शाळांतल्या दर शंभर विद्यार्थ्यांमागे सुमारे पंधरा.

कायद्याने या सगळ्यांना एका टेबलाशी बसवलं. पण तिथे बसून एकत्र काम कसं करायचं, हे त्यांना शिकवलं कुणी? बऱ्याच ठिकाणी याचं उत्तर 'कुणीच नाही' असं आहे. या अंकात मला याच प्रश्नावर लिहायचं आहे.

आधी माझ्याबद्दल एक खुलासा. मी शिक्षणशास्त्रातली नव्हे. माझी डॉक्टरेट ध्वनिशास्त्रातली आणि संशोधन श्रवण व वाणी या विषयातलं. आमच्या प्रयोगशाळेत इंजिनिअर, ऑडिओलॉजिस्ट, भाषाशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ एकत्र काम करतात, त्यामुळे वेगवेगळ्या शाखांच्या माणसांची भांडणं सोडवणं हा माझ्या नोकरीचाच भाग झाला आहे. याच कारणाने आमच्या विद्यापीठात विशेष शिक्षण, स्पीच थेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी शिकणाऱ्यांसाठी जो एकत्रित अभ्यासक्रम चालतो, त्यात गेली काही वर्षं मला शिकवायला बोलावतात. तिथे जे पाहिलं त्यावरून, आणि आपल्या समाजातल्या काही कुटुंबांकडून जे ऐकलं त्यावरून, हे लिहिते आहे.

थोडा इतिहास पाहू. विकलांग मुलाला शाळेत घ्यायचंच नाही, असं म्हणण्याची मुभा या देशातल्या शाळांना कालपरवापर्यंत होती. १९७१ मध्ये पेनसिल्व्हेनियात पालकांच्या संघटनेने, आणि १९७२ मध्ये वॉशिंग्टन डी.सी.मध्ये सात मुलांच्या वतीने कोर्टात लढे झाले. डी.सी.च्या खटल्यात पैसे नाहीत ही सबब न्यायालयाने मान्य केली नाही. जे काही पैसे आहेत त्यात या मुलांचाही वाटा आहे, असा त्या निकालाचा अर्थ होता. या दोन्ही लढ्यांना आधार होता १९५४ च्या 'ब्राऊन' निकालाचा, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या चळवळीचा. पुढे १९७५ मध्ये अध्यक्ष जेरल्ड फोर्ड यांनी सर्व विकलांग मुलांच्या शिक्षणाच्या कायद्यावर सही केली. संसदेने त्या वेळी नोंदवलं होतं की देशात ८० लाखांहून अधिक विकलांग मुलं आहेत, त्यातल्या निम्म्याहून अधिकांना योग्य शिक्षण मिळत नाही आणि दहा लाख मुलं सरकारी शाळांच्या पूर्णपणे बाहेर आहेत. १९९० मध्ये हाच कायदा 'आयडिया' या नावाने ओळखला जाऊ लागला.

शाळेच्या दाराबाहेर कुणाला ठेवलं आहे, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. १८४८ मध्ये पुण्यात सावित्रीबाई आणि जोतीरावांनी तोच विचारला होता. पण दार उघडल्यावर पुढचा प्रश्न येतो : आत आलेल्या मुलाला शिकवायचं कसं? १९७५ च्या कायद्याने त्याचं उत्तर 'गटाने मिळून' असं दिलं. ते शहाणपणाचं होतं, कारण सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाचं बसणं, बोलणं, वाचणं आणि जेवणं यांचे चार स्वतंत्र तुकडे करता येत नाहीत. मूल एकच असतं. तुकडे तज्ज्ञांच्या खात्यांचे असतात.

एक उदाहरण घेऊ. समजा, सात वर्षांची एक मुलगी आहे. तिला सेरेब्रल पाल्सी आहे, शब्द उच्चारता येत नाहीत, पण समजतं सगळं. ती टॅब्लेटवरच्या चित्रांना बोट लावून बोलते. तिच्या आराखड्यात फिजिकल थेरपिस्ट लिहितात : आधाराने तीन मिनिटं उभी राहील. ऑक्युपेशनल थेरपिस्ट लिहितात : दिलेल्या चौकोनावर दहापैकी आठ वेळा बोट ठेवेल. स्पीच थेरपिस्ट लिहितात : पन्नास नवी चित्रं ओळखून वापरेल. विशेष शिक्षिका लिहितात : वीस शब्द वाचेल. प्रत्येक उद्दिष्ट आपापल्या जागी बरोबर आहे. पण प्रत्येकासाठी तिला वर्गातून उठवून वेगळ्या खोलीत नेलं जातं. दिवसाची अशी शकलं होतात की वर्गातल्या मुलांशी ओळख व्हायलाही तिला वेळ उरत नाही. एक ना धड, भाराभर चिंध्या!

आता हेच चौघं एकत्र बसले तर काय होईल? फिजिकल थेरपिस्ट सांगतील की तिची कंबर आणि पाय नीट टेकलेले असले तरच तिचा हात स्थिर राहतो. ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणतील, मग टॅब्लेट मांडीवर नको, उजव्या बाजूला थोडा तिरपा लावू, म्हणजे बोट नेमकं पडेल. स्पीच थेरपिस्ट म्हणतील, बोट नेमकं पडत असेल तर पानावर जास्त चित्रं ठेवता येतील. शिक्षिका म्हणतील, चित्रांखाली शब्द लिहा, वाचनही होईल. आई म्हणेल, तिला स्वतःचं जेवण स्वतः मागायचं असतं आणि आपण सगळे तिच्या वतीने बोलतो याचा तिला राग येतो. मग उद्दिष्ट एकच लिहिलं जाईल : जेवणाच्या सुट्टीत, मैत्रिणींबरोबर रांगेत, ती आपलं जेवण स्वतः मागेल. त्यात बसणं आहे, हात आहे, भाषा आहे, वाचन आहे, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे तिची इच्छा आहे.

या दोन चित्रांमधल्या फरकाला अभ्यासकांनी नावं दिली आहेत. प्रत्येक शाखा शेजारी शेजारी पण स्वतंत्रपणे काम करते, ती बहुशाखीय पद्धत. एकमेकांशी बोलून, उद्दिष्टं जुळवून घेतली जातात, ती आंतरशाखीय. आणि जिथे एका शाखेचा माणूस दुसऱ्याला आपलं थोडं कौशल्य शिकवून ठेवतो, म्हणजे शिक्षिकेला मुलीला नीट बसवता येतं आणि फिजिकल थेरपिस्टला तिच्याशी टॅब्लेटवर बोलता येतं, ती शाखांपलीकडची पद्धत. तीन वर्षांखालच्या बाळांसाठी ही तिसरी पद्धत विशेष उपयोगी मानली जाते, कारण तान्ह्या बाळाच्या घरी पाच तज्ज्ञ पाच वेळा पाठवण्यात अर्थ नसतो.

कागदावर हे सगळ्यांना पटतं. प्रत्यक्षात अडतं कुठे? माझ्या मते अडतं ते विद्यापीठात.

विशेष शिक्षिका तयार होते शिक्षण महाविद्यालयात. स्पीच आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट तयार होतात आरोग्यशास्त्राच्या महाविद्यालयात, पुष्कळदा कॅम्पसच्या दुसऱ्या टोकाला. प्रत्येकाची मान्यता देणारी संस्था वेगळी, परवाना वेगळा, प्रत्यक्ष अनुभवाचे तास वेगळे, वेळापत्रक वेगळं. दोन विभागांनी मिळून एक वर्ग घ्यायचा म्हटलं की फी कुणाच्या खात्यात जमा होणार इथपासून वाद सुरू होतात. प्राध्यापकांच्या बढतीत अशा वर्गाला फारशी किंमत नसते. त्यामुळे हे विद्यार्थी चार-पाच वर्षं एकाच आवारात राहून एकमेकांना भेटत नाहीत. पहिल्यांदा भेटतात ते नोकरी लागल्यावर, एखाद्या खऱ्या मुलाच्या खऱ्या मीटिंगमध्ये. म्हणजे तालीम न करता थेट प्रयोग!

त्यात पदव्यांची उतरंड असते. फिजिकल थेरपिस्टकडे आता डॉक्टरेट असते, स्पीच थेरपिस्टकडे किमान मास्टर्स, आणि विशेष शिक्षिका अनेक राज्यांत नुसती पदवी घेऊन वर्गात उभी राहू शकते. पण आराखड्याची जुळवाजुळव करणं, मीटिंग चालवणं, आणि वर्गातल्या मदतनिसांना काम सांगणं हे बहुतेक वेळा त्या तेवीस वर्षांच्या शिक्षिकेवरच येतं. तिच्या समोर बसलेले सगळे तिच्याहून जास्त शिकलेले, तर तिचे मदतनीस तिच्या आईच्या वयाचे. मुलाबरोबर दिवसाचे सहा तास असणाऱ्या या मदतनिसांना मीटिंगला बोलावलंच जाईल याची खात्री नसते.

बाबासाहेबांनी १९३६ मध्ये श्रमाची विभागणी आणि श्रमिकांची विभागणी यांतला फरक दाखवून दिला होता. इथे कुणाची पदवी जन्माने ठरत नाही, त्यामुळे तुलना फार ताणू नये. पण कामं वाटून घेणं वेगळं आणि माणसांची चढती भाजणी लावणं वेगळं, हे आपल्याला तरी कुणी नव्याने सांगायला नको. चढत्या भाजणीत खालच्याला दिसलेलं वरच्यापर्यंत पोचत नाही. विशेष शिक्षणात याची किंमत मूल मोजतं.

मग शिकवायचं कसं? 'सहकार्य करा' असा उपदेश करून काही होत नाही. २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एकत्रित व्यावसायिक शिक्षणाची जी व्याख्या केली, तिचा आशय असा की दोन किंवा अधिक व्यवसायांच्या विद्यार्थ्यांनी एकमेकांविषयी, एकमेकांकडून आणि एकमेकांबरोबर शिकायचं. यातल्या 'एकमेकांकडून' या शब्दावर माझा भर आहे. २०१७ मध्ये विशेष शिक्षणातल्या इथल्या प्रमुख व्यावसायिक संघटनेने शिक्षकांना आल्याच पाहिजेत अशा २२ कृतींची यादी प्रसिद्ध केली. त्यातल्या पहिल्या तीन सहकार्याच्याच आहेत : इतर व्यावसायिकांबरोबर काम करणं, मीटिंग नीट चालवणं आणि कुटुंबांबरोबर काम करणं. म्हणजे वाचन कसं शिकवावं याइतकंच हेही शिकण्याचं कौशल्य आहे. तो स्वभावाचा गुण नव्हे, असं त्या क्षेत्राने अधिकृतपणे मान्य केलं आहे.

आमच्या वर्गात उपयोगी पडलेले तीन स्वाध्याय सांगते.

पहिला शब्दांचा. 'ट्रान्झिशन' या शब्दाचा अर्थ प्रत्येकाने कागदावर लिहायचा. ऑक्युपेशनल थेरपीची विद्यार्थिनी लिहिते : एक काम संपवून दुसऱ्याकडे वळणं. बाळांबरोबर काम करू इच्छिणारी लिहिते : तिसऱ्या वर्षी घरच्या सेवेतून शाळेच्या सेवेत जाणं. माध्यमिक शाळेत जाणारा लिहितो : सोळाव्या वर्षापर्यंत सुरू व्हायला हवी अशी, शाळेनंतरच्या आयुष्याची तयारी. तिघंही बरोबर. आता कल्पना करा, मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणालं की 'या मुलाचं ट्रान्झिशन अवघड जातंय', आणि सगळ्यांनी मान डोलावली. आईसकट सगळ्यांनी वेगवेगळ्या गोष्टीला मान डोलावलेली असते.

दुसरा मतभेदाचा, आणि हा माझ्या वाट्याला येतो. एक मूल दररोज कानांवर हात ठेवून वर्गातून पळून जातं. का? वर्तनतज्ज्ञ होऊ पाहणारा म्हणतो, काम टाळायला. ऑक्युपेशनल थेरपीची विद्यार्थिनी म्हणते, त्याला आवाज सहन होत नाही. ऑडिओलॉजीतली म्हणते, आधी कान तपासा. शिक्षिका म्हणते, त्या वेळी वाचनाचा तास असतो आणि त्याला वाचता येत नाही. इथे बहुतेक वेळा ज्याचा आवाज मोठा त्याचं मत टिकतं. मी त्यांना एवढंच विचारते की तुमचं म्हणणं खरं असेल तर उद्या काय दिसायला हवं, आणि खोटं असेल तर काय? मग ते एक तक्ता बनवतात : पळाला तेव्हा वेळ कोणती, काम कोणतं, वर्गातला आवाज किती, आधी काय झालं, नंतर काय झालं. गोंगाटात सोपं काम दिलं तर पळतो का? शांततेत अवघड काम दिलं तर पळतो का? दोन आठवड्यांची नोंद आली की वादाची जागा माहिती घेते. अनेकदा दोन कारणं एकत्र असतात, आणि ते कुणा एकाला एकट्याने सापडलं नसतं. शास्त्राची पद्धत ही सगळ्या शाखांची समाईक भाषा होऊ शकते, असं मला वाटतं. त्यासाठी प्रत्येकाने आपलं मत तपासायला ठेवण्याची तयारी मात्र हवी.

तिसरा स्वाध्याय पालकांचा. विकलांग मुलांचे आईवडील, आणि काही विकलांग प्रौढ, आमच्या वर्गात पाहुणे म्हणून येत नाहीत, मानधन घेऊन शिकवायला येतात. सरावाच्या मीटिंगमध्ये ते बसतात आणि नंतर विद्यार्थ्यांना सांगतात : तू वीस मिनिटं बोललीस आणि माझ्या मुलाला काय येतं ते एकदाही म्हणाली नाहीस. ही कल्पना आमची नव्हे. 'लेंड' या नावाचे प्रशिक्षण कार्यक्रम या देशात पूर्वीपासून आहेत. त्यांत बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, थेरपिस्ट एकत्र शिकतात आणि कुटुंबाचा अनुभव हीसुद्धा एक ज्ञानशाखा मानली जाते. त्याची मुळं १९६३ मध्ये अध्यक्ष केनेडींनी सही केलेल्या कायद्यापर्यंत जातात. केनेडींची बहीण रोझमेरी ही स्वतः बौद्धिक अक्षमता असलेली होती.

यावर आक्षेप आहेत आणि ते ऐकायला हवेत. पहिला असा की आधीच अभ्यासक्रम खच्चून भरलेले आहेत, त्यात हे घातलं तर स्वतःच्या विषयाची खोली कमी होईल. हा आक्षेप रास्त आहे. ज्याला स्वतःचं काम नीट येत नाही तो दुसऱ्याला देणार काय? म्हणून हे वेगळं पुस्तक लावून शिकवू नये. जो प्रत्यक्ष अनुभव विद्यार्थी असाही घेतात, तोच दोन शाखांनी एकाच शाळेत, एकाच मुलाबरोबर घ्यावा. केंद्र सरकारच्या विशेष शिक्षण विभागाच्या एका अनुदान योजनेत हीच अट होती : दोन शाखांच्या विद्यार्थ्यांसाठी समाईक वर्ग, समाईक स्वाध्याय आणि जुळवलेला प्रत्यक्ष अनुभव.

दुसरा आक्षेप असा की सगळ्यांचं काम ते कुणाचंच नाही. हेही खरं आहे. म्हणून प्रत्येक उद्दिष्टासमोर जबाबदार व्यक्तीचं नाव हवं, आणि दुसऱ्याच्या परवान्याचं काम आपण करायचं नाही ही सीमाही शिकवायला हवी. गिळायला त्रास होणाऱ्या मुलाला काय आणि कसं भरवायचं हे शिक्षिकेने अंदाजाने ठरवू नये. ठरलेली पद्धत तिने शिकून घेऊन पाळावी, आणि काही बिनसलं तर कुणाला फोन करायचा ते तिला माहीत असावं.

तिसरा आक्षेप पुराव्याचा, आणि शास्त्रज्ञ म्हणून तो मला टाळता येत नाही. आरोग्य क्षेत्रातल्या एकत्रित शिक्षणाचा कॉक्रेन संस्थेचा आढावा २०१३ मध्ये निघाला. निकषांत बसणारे अवघे १५ अभ्यास त्यात होते. काहींचे परिणाम चांगले, काहींचे संमिश्र, आणि ठाम निष्कर्ष काढता येण्याइतका पुरावा नाही, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. विद्यार्थ्यांचा दृष्टिकोन बदलतो हे दाखवणं सोपं असतं. त्यामुळे पाच वर्षांनी कुठल्या मुलाचं वाचन सुधारलं, हे दाखवणं कठीण. म्हणून मी हे रामबाण औषध म्हणून मांडत नाही. पण पर्याय काय आहे तेही पाहावं. कायदा गटाने काम करायला सांगतो. मग ते काम शिकवून करायचं की न शिकवता, एवढाच प्रश्न उरतो.

आता आपल्याकडे वळू. हा विषय आपल्या अंकात का, असं काहींना वाटलं असेल.

पहिलं कारण म्हणजे त्या टेबलाशी आपणही बसतो, पण पुष्कळदा बसून गप्प राहतो. शिक्षकांपुढे बोलायचं नाही हा आपला संस्कार. 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणून सही करून येणारे इंजिनिअर आणि डॉक्टर मी पाहिले आहेत, जे आपापल्या ऑफिसात कुणाचं ऐकत नाहीत! कायद्याप्रमाणे पालक हे गटाचे पूर्ण सदस्य आहेत. मीटिंगमधलं बोलणं समजावं म्हणून दुभाषा मागण्याचा त्यांना हक्क आहे. भारतातून आलेल्या आजी-आजोबांनाही सोबत नेता येतं, कारण मुलाबद्दल विशेष माहिती असलेल्या व्यक्तीला पालक बोलावू शकतात. आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोलोरॅडोतल्या एका स्वमग्न मुलाच्या खटल्यात एकमताने सांगितलं आहे की नाममात्र प्रगती पुरेशी नाही, आराखडा त्या मुलाच्या परिस्थितीला साजेशी प्रगती होईल असा हवा.

दुसरं कारण भाषेचं. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाला त्यांच्या शाळेतून सांगण्यात आलं की मूल उशिरा बोलतंय, तर घरी मराठी बंद करा, फक्त इंग्रजी बोला. आईवडिलांनी ऐकलं. घरात आजी होती, तिला इंग्रजी येत नव्हतं. सहा महिन्यांत आजी आणि नातू यांच्यातलं बोलणंच संपलं. वास्तविक या सल्ल्याला संशोधनाचा आधार नाही. डाऊन सिंड्रोम असलेल्या द्विभाषिक मुलांवरचा अभ्यास २००५ मध्ये आणि स्वमग्न मुलांवरचा २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन भाषा ऐकल्यामुळे या मुलांची भाषा आणखी मागे पडते, असं दोन्हींत आढळलं नाही. त्या मीटिंगमध्ये द्विभाषिकतेचं प्रशिक्षण घेतलेली एक स्पीच थेरपिस्ट असती, किंवा निदान 'घरात मुलाशी सर्वांत जास्त कोण बोलतं?' एवढा प्रश्न कुणी विचारला असता, तरी हे टळलं असतं. गटाला प्रश्न विचारायला शिकवणं म्हणजे काय, ते यावरून कळावं.

तिसरं कारण महाराष्ट्राचं. भारतात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले. त्याआधी २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात झाली ती आपल्या पालघरमधून. अंगणवाडीत आणि शाळेत जाऊन मुलांची तपासणी करायची, आणि पुढच्या उपचारासाठी जिल्ह्याच्या केंद्रात पाठवायचं, अशी ती योजना आहे. त्या केंद्रात बालरोगतज्ज्ञ, थेरपिस्ट, मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक एका छताखाली असावेत अशी अपेक्षा आहे. पण छत एक असलं म्हणजे काम एक होतं असं नाही. भारतात विशेष शिक्षकांचं प्रशिक्षणही श्रवणदोष, दृष्टिदोष, बौद्धिक अक्षमता अशा वेगवेगळ्या कप्प्यांत होत आलं आहे, आणि खेड्यातल्या वर्गात येणारं मूल कप्पा पाहून येत नाही.

इथे अमेरिकेचा नमुना उचलून तिकडे नेण्याचा मोह आपण आवरायला हवा. गावातली अंगणवाडी सेविका वजन करते, आहार देते, गाणी शिकवते, लसीकरणाची आठवण करते, आईच्या अडचणी ऐकते. आम्ही ज्याला शाखांपलीकडची पद्धत म्हणतो आणि ज्यावर परिसंवाद भरवतो, ती ती रोज जगते, आणि तुटपुंज्या मानधनावर. तिला कमी पडतो तो वर बसलेल्या तज्ज्ञांशी बरोबरीचा संवाद. तिच्या निरीक्षणाला तपासणीच्या कागदात जागा आहे का, हा तिकडचा खरा प्रश्न आहे.

मग आपण काय करावं? माझ्या मनात तीन गोष्टी आहेत.

आपण मायदेशी संस्थांना देणग्या देतो. त्या बहुधा इमारतीला, व्हॅनला, यंत्रांना जातात, कारण त्यांचा फोटो येतो. यंदा एखादी देणगी वेळेसाठी द्या : संस्थेतल्या शिक्षिका, थेरपिस्ट, सेविका आणि पालक यांना महिन्यातून एक दिवस एकत्र बसून मुलांचा विचार करता यावा, त्या दिवसाचा पगार आणि प्रवासखर्च. त्याचा फोटो येणार नाही.

इथे ज्यांच्या घरात असं मूल आहे त्यांनी एकटं मीटिंगला जाऊ नये, आणि आपल्यापैकी इतरांनी त्यांना एकटं पाठवू नये. आपल्यात थेरपिस्ट आहेत, शिक्षिका आहेत, वकील आहेत. आदल्या दिवशी तासभर बसून आराखडा वाचून देणं एवढी मदत तरी नक्कीच जमेल. आणि लग्नकार्यात, गणेशोत्सवात अशा मुलांना घेऊन येण्याचा संकोच त्यांना वाटणार नाही, एवढं आपलं वागणं असावं.

तिसरी गोष्ट मताची आणि आवाजाची. १९७५ मध्ये केंद्र सरकारने या मुलांच्या शिक्षणाच्या जादा खर्चाचा ४० टक्क्यांपर्यंत भार उचलण्याचं ठरवलं होतं. कायदा जेवढं वचन देतो आहे तेवढं केंद्राला देता येणार नाही, अशी शंका फोर्ड यांनी सही करतानाच बोलून दाखवली होती, आणि ती खरी ठरली : तो टप्पा एकाही वर्षी गाठला गेलेला नाही. मार्च २०२५ मध्ये तर केंद्रीय शिक्षण खात्यातले जवळजवळ निम्मे कर्मचारी कमी करण्याची घोषणा झाली. पैसा आटतो तेव्हा आधी काय कापलं जातं? मुलाचा थेरपीचा तास कापला तर पालक ओरडतात. शिक्षकांचा एकत्र बसण्याचा तास कापला तर कुणाला कळतही नाही. आपल्या गावच्या स्कूल बोर्डाच्या बैठकीला जाऊन एक साधा प्रश्न विचारा : विशेष शिक्षिका, वर्गशिक्षक आणि थेरपिस्ट यांच्या वेळापत्रकात एकत्र नियोजनाचा वेळ किती आहे? आणि शिकाऊ शिक्षकांना त्यात बसू देतात का?

शेवटी, आंधळे आणि हत्ती यांची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. आमच्या वर्गात शिकवायला येणाऱ्या एका अंध सहकाऱ्याला ती अजिबात आवडत नाही. त्याचं म्हणणं असं की खरे अंध लोक असते तर त्यांनी एकमेकांना विचारलं असतं, जागा बदलून पुन्हा हात लावून पाहिला असता, आणि पाच मिनिटांत हत्ती ओळखला असता. न विचारता भांडत बसायची सवय डोळस तज्ज्ञांची! मला त्याचं म्हणणं पटतं. विद्यार्थ्यांना शिकवायचं ते एवढंच आहे : विचारा, जागा बदलून पाहा, आणि ज्याच्याबद्दल बोलता आहात त्यालाही बोलू द्या.

आपले अनुभव, विशेषतः पालकांचे आणि या क्षेत्रात काम करणाऱ्यांचे, जरूर लिहून कळवा. मतभेद असतील तर तेही मोकळेपणाने लिहा. पुढच्या अंकात त्यांना जागा राखून ठेवते आहे.

आपली,
संपादक